बाटलीला कुलूप, पोतं मोकळं

"आगं, काल सांच्याला तुमच्या दुकानात कोण आलं हुतं? फटफटीवरचं, कानात बाळी घातलेलं?"

मावशींना हे कसं कळलं, असं विचारायची सोय नाही. आमच्या दोन घरांच्या मधे तारेचं कुंपण आहे. काटेवाडी मागे टाकून भवानीनगरकडे निघालं की कुठेतरी बारामती तालुका संपतो आणि इंदापूर लागतो, ती हद्द जणू आमच्याच तारेवरून जाते असं मावशींचं ठाम मत आहे. माझ्याकडचा तलाठी वेगळा, त्यांच्याकडचा वेगळा. आमदार वेगळे. पाणी मात्र नीरेच्या डाव्या कालव्याचंच, आणि बातमीही एकच.

"आलं होतं, मावशी. जनावराला गुंगी आणायचं इंजेक्शन मागत होतं."

"दिलं का काय दादांनी?"

"छे. ह्यांनी विचारलं, चिठ्ठी कुठंय? तर म्हणे डॉक्टर फोनवर सांगतील. काय आहे, गाय की म्हैस? तर म्हणे कालवड. किती महिन्यांची? तर म्हणे, बैल आहे."

"दोन मिनिटांत कालवडीचा बैल केला मेल्यानं!"

मावशी नुकत्याच डेअरीला दूध घालून आल्या होत्या. किटली खाली ठेवली, पदर खोचला. आता अर्धा तास तरी हलायच्या नाहीत हे ओळखून मीही चुलीवरचा चहा बंद करून आले.

"पन मी म्हंते, आसल्या पोराला त्ये इंजेक्शन कशापायी? आमच्या खिलाऱ्याच्या शिंगाला कॅन्सर झाला तव्हा डॉक्टरनं दिलं हुतं बघ. घटकाभरात मान टाकली त्यानं. लाळ गळायला लागली, डोळं अर्धं मिटलं. तसं पडायचंय का ह्यास्नी?"

"तसंच पडायचंय, मावशी. माझी नणंद फिलाडेल्फियाजवळ राहते ना, ती सांगत होती. तिथं केन्सिंग्टन म्हणून एक भाग आहे. भर रस्त्यात माणसं कमरेत वाकून उभी असतात. पडत नाहीत, चालत नाहीत. तिथले लोक त्या नशेला 'ट्रँक' म्हणतात. त्यात हेच औषध, झायलाझिन. गाई-घोड्यांचं."

"उभ्या उभ्या झोपत्यात? आन् घरचं कुनी काय बोलत न्हाय?"

एवढ्यात मावशींची पुतणी गोठ्यामागून हात पुसत आली. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेली, आता ह्या पट्ट्यात मोटारसायकलवर बॅग बांधून फिरते. घरात तिला पोरी म्हणतात, मी डॉक्टरताई म्हणते.

"नुसतं झोपत नाहीत, काकी," ती मावशींना म्हणाली. "हे औषध एकटं नसतं. तिकडे फेंटानिल म्हणून अफूच्या जातीचं, पण तिच्याहून कितीतरी जहाल औषध रस्त्यावर विकतात. त्यात हे मिसळायचं. स्वस्त पडतं आणि गुंगी लांबते. श्वास मंदावतो, रक्तदाब उतरतो. अफूच्या जातीचं औषध जास्त झालं तर नॅलोक्सोन देऊन माणूस माघारी आणता येतो. झायलाझिन त्या जातीचंच नाही, म्हणून त्याच्यावर नॅलोक्सोन चालत नाही. आणि अंगावर जखमा होतात, सुई टोचलेली नसेल तिथंही. कातडं काळं पडून गळतं."

मावशींनी देवाचं नाव घेतलं. मग लगेच कामाचं विचारलं, "मंग ह्ये औषध काढलंच कशाला हुतं?"

"खरं तर माणसासाठीच काढायला गेले होते. १९६२ मध्ये जर्मनीत बायर कंपनीनं. रक्तदाब कमी करायला. पण माणसाला फारच गुंगी यायला लागली म्हणून नाद सोडला आणि ते जनावरांकडे आलं. गंमत बघा, केटामाइन म्हणून दुसरं एक भुलीचं औषध आहे, तेही १९६२ चंच, अमेरिकेतलं."

"आन् आपल्या सरकारी जनावरांच्या डॉक्टरांच्या फोनचा नंबर बी १९६२," मावशी म्हणाल्या. "त्या वर्सी समद्या जगानं जनावरांचंच मनावर घेतलं हुतं वाटतं."

डॉक्टरताई हसली, पण लगेच गंभीर झाली. म्हणाली, "गाईबैलांना हे औषध घोड्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यानं पुरतं. घोड्याच्या मापानं दिलं तर गाय उठायची नाही. गाभण गाईला, त्यातून दिवस भरत आले असतील तर, द्यायचंच नाही. पोट फुगतं, म्हणून जनावर कुशीवर पडू द्यायचं नाही, छातीवर बसतं ठेवायचं. एवढं सांभाळायला लागतं, म्हणून ते डॉक्टरच्या हातात असतं. आणि बाटलीवर चित्र काय असतं, काकी?"

"बैलाचं तोंड."

"जनावराच्या डोक्याचं चित्र, आणि खाली लिहिलेलं असतं, माणसाच्या वापरासाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी. आपल्या औषध नियमांत तसं छापायचं बंधनच आहे."

"नशा करनारा चित्रं बगून थांबतोय व्हय?"

हा प्रश्न मावशींनी सहज विचारला, पण अमेरिकेच्या राजधानीत तोच घोळ घातला जात होता. नणंदेनं सांगितलेलं मी पुढे सरकवलं. १२ एप्रिल २०२३ ला तिकडच्या सरकारनं झायलाझिन मिसळलेल्या फेंटानिलला देशापुढचा नवा उभा राहिलेला धोका म्हणून जाहीर केलं. असं कुठल्या नशेबद्दल पहिल्यांदाच झालं. पेनसिल्व्हेनिया राज्यानं त्याच वर्षी झायलाझिनला नियंत्रित औषधांच्या यादीत घातलं. ब्रिटननं २०२५ च्या जानेवारीत बंदी घातली.

"आन् गाईचे डॉक्टर गप बसले?"

"कुठले गप बसतात!" डॉक्टरताई म्हणाली. "त्यांच्या संघटनेनं सांगितलं, कायदा करा, आमचा पाठिंबा आहे. पण पशुवैद्याच्या बॅगेतून औषध काढून घेऊ नका. तिकडे मोठाल्या गोठ्यांवर, घोड्यांच्या तबेल्यांवर ह्याशिवाय चालत नाही. म्हणून संसदेत मांडलेल्या मसुद्यात पशुवैद्याचा वापर चालू ठेवायची सोय केली."

"मंग थांबलं का त्या वस्तीतलं?"

"ते ऐका. झायलाझिनवर नजर बसली, तसं २०२४ मध्ये फिलाडेल्फियात त्याच्या जागी मेडेटोमिडिन यायला लागलं. तेही जनावरांचं गुंगीचंच, त्याच घराण्यातलं, पण जास्त जोराचं. सोडायला गेलं की माणूस थेट अतिदक्षता विभागात."

मावशी म्हणाल्या, "म्हंजी पोलिसानं एक बाटली धरली की विकनारा दुसरी काढतोय."

मी म्हटलं, हे लांबचं झालं. आपल्याकडे असं काही झालं का? डॉक्टरताई तारेला टेकली. आता तिचा खरा विषय आला होता.

"झालं ना. केटामाइनचं झालं. आपल्या देशात ते फार वर्षं मेडिकलमध्ये चिठ्ठीवर मिळायचं. लहान गावातल्या सर्जनचं ते हक्काचं औषध. भूलतज्ज्ञ नाही, ऑक्सिजनचं मशीन नाही, तरी हाड बसवायचंय, टाके घालायचेत, अशा वेळी केटामाइन. श्वास तितकासा दबत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांत ते आहे. पण परदेशातल्या नाचगाण्याच्या पार्ट्यांत ते नाकानं ओढायला लागले आणि आपल्याकडून चोरून माल जायला लागला. मग २०११ मध्ये सरकारनं ते नशेच्या पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत घातलं. मोठा साठा सापडला तर किमान दहा वर्षं आत. आणि २०१३ च्या अखेरीस औषध नियमांच्या शेड्यूल एक्समध्ये टाकलं."

शेड्यूल एक्स म्हणजे काय ते मला दुकानामुळे पाठ आहे. त्याचा परवाना वेगळा. औषध स्वतंत्र कपाटात, कुलपात. डॉक्टरची चिठ्ठी दोन प्रतींत, त्यातली एक दुकानदारानं दोन वर्षं जपून ठेवायची. ह्यांनी तेव्हाच ठरवलं, आपल्याला ते कपाट नको. रस्त्यावरच्या छोट्या मेडिकलवाल्यांपैकी पुष्कळांनी तेच ठरवलं असणार.

"आता त्याचा परिणाम बघा," डॉक्टरताई म्हणाली. "उसात बिबट्या शिरला, विहिरीत पडला, की वनखात्याचा डॉक्टर भुलीचा बाण मारतो. त्या बाणात बहुतेक वेळा केटामाइन आणि झायलाझिन दोन्ही असतं. जुन्नरला माणिकडोहच्या बिबट्या केंद्रावर हे रोजचं काम. आता उसाबरोबर बिबट्या आपल्या तालुक्यांतही आलाय. त्या डॉक्टरला औषध मिळवायला कागदपत्रांची वारी, आणि तिकडं विहिरीच्या काठाला हजार माणूस मोबाइल घेऊन उभं."

"पन चोर?" मावशींनी विचारलं. "चोराला कपाट लागतंय का?"

"नाही ना. २०१३ च्या डिसेंबरातच, जळगावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डीआरआयनं, म्हणजे केंद्राच्या महसूल गुप्तचर खात्यानं, धाड घातली. हजार किलोच्या वर केटामाइन सापडलं. मेडिकलमधल्या एका बाटलीत ते अर्धा ग्रॅम असतं. हजार किलोच्या किती बाटल्या होतील, तुम्हीच काढा."

आकडा मोठा होता. मी बोटांवर करून बघितला, वीस लाख आला. मावशींनी किटलीकडे बघितलं. "म्हंजी दादा एकेक बाटली कुलपात ठेवनार, आन् तिकडं पोत्यांनी भरलेलं."

"काकी, पोत्याचं उदाहरण द्यायला जळगावला कशाला जायचं? कुरकुंभ आपल्यापासून किती लांब आहे?"

कुरकुंभ म्हटल्यावर मावशींचा आवाज खाली आला. गावगप्पांत असा आवाज फक्त दोन गोष्टींसाठी खाली येतो, पळून केलेलं लग्न आणि कुरकुंभ. दौंड तालुक्यातली ती एमआयडीसी आमच्या अगदी शेजारची. तिथल्या कंपनीत इकडच्या पोरांना काम मिळतं, बस इथूनच जाते. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी तिथल्या एका कारखान्यात एमडी, म्हणजे मेफेड्रोन, पकडलं. विश्रांतवाडीत ते मिठाच्या पाकिटांत सापडलं. धागा पकडून पोलीस दिल्लीपर्यंत आणि सांगलीच्या कुपवाडपर्यंत गेले. सगळा मिळून दीड हजार किलोच्या वर माल, किंमत हजारो कोटींत.

"औषधाची कंपनी म्हनून पाटी हुती म्हंत्यात," मावशी कुजबुजल्या.

"रसायनं बनवायचा परवाना घ्यायचा आणि आत दुसरंच शिजवायचं. एमडीचं तर अजून वेगळं आहे. मुंबईत ते गल्लीबोळांत 'म्याव म्याव' म्हणून विकलं जात होतं, तेव्हा ते कुठल्या यादीतच नव्हतं. पोलीस पकडायचे आणि कलम शोधत बसायचे. २०१५ च्या फेब्रुवारीत यादीत आलं. म्हणजे कायदा लागतोच. कायदाच नको असं मी म्हणत नाही."

"मंग काय म्हंतीस?"

"म्हणते एवढंच, की कायदा कुठल्या जागी दाबायचा ते नीट बघा. आपल्याकडे दोन औषधांचा धडा आहे. एक तुमच्या ओळखीचं."

"कंचं?"

"पान्हवायचं."

आता मावशींनी आजूबाजूला बघितलं. पान्ह्याचं इंजेक्शन, म्हणजे ऑक्सिटोसिन. वासरू मेलं, म्हैस दूध चोरायला लागली, की धारेआधी टोचायचं. कोण टोचतं हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी टोचत नाही असं सगळे म्हणतात.

"आमच्यात न्हाय हां ते," मावशी म्हणाल्या. "त्या वरच्या आळीला इचार. त्यांच्या म्हशीला धारंच्या टायमाला सुई दिसली तरी पान्हा फुटतो."

"असं टोचायला १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच मनाई आहे, जबरदस्तीनं दूध काढायच्या, म्हणजे फुका घालण्याच्या, कलमात. तरी चालूच राहिलं. मग २०१४ मध्ये नियम आला, माणसांचं ऑक्सिटोसिन एकेक ॲम्प्यूलच्या वेगळ्या पाकिटातच विकायचं, म्हणजे घाऊक उचलता येणार नाही. मग २०१८ मध्ये सरकारनं ठरवलं, खाजगी कंपन्यांनी बनवायचंच नाही, एकट्या कर्नाटकातल्या सरकारी कंपनीनं बनवायचं."

"बरं केलं की."

"बरं कसं? बाळंतीण रक्तस्रावानं जायला लागली की पहिलं हेच इंजेक्शन द्यायचं असतं. एका कारखान्यात काही बिघडलं तर देशभरातल्या बाळंतिणींचं काय? मामला कोर्टात गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं तो हुकूम रद्द केला. पुढे ते सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हशीचा छळ थांबवायला निघाले आणि वाटेत बाळंतीण सापडली."

मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्या थोरल्या सुनेचं बाळंतपण अवघड गेलं होतं, ते मला आठवलं. मीही बोलले नाही.

"आन् दुसरा धडा?"

"गिधाडांचा. तुम्ही लहानपणी पाहिली असतील."

"तर! मेलेलं ढोर वढून न्हेलं की घटकेत आभाळातनं उतरायची. आता नावाला बी न्हाईत."

"डायक्लोफिनॅक. जनावराच्या दुखण्यावर देत होतो. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली. पण माणसांचं डायक्लोफिनॅक चालूच होतं, तेही तीस मिलीच्या मोठ्या बाटलीत. माणसाला तीन मिली पुरतं. मग ती तीस मिलीची बाटली जायची कुठं? गोठ्यात. २०१५ मध्ये नियम केला, माणसांचं इंजेक्शन तीन मिलीच्याच बाटलीत भरायचं. गाईला द्यायचं तर पाच-सात बाटल्या फोडायला लागतील, कोण फोडतंय? माणसाचं औषध माणसाला मिळत राहिलं, गोठ्यातलं कमी झालं. सगळी बंदी न घालता नुसतं बाटलीचं माप बदललं."

मला हे पटलं. दुकानात बसून कळतं, माणूस कायद्याला भीत नाही तेवढा कटकटीला भितो. जिथं चुकीच्या माणसाला कटकट होईल आणि बरोबर माणसाला होणार नाही, तिथं नियम चालतो. ह्यांच्या कपाटाच्या बाबतीत उलटं झालं होतं. कटकट आम्हाला, डॉक्टरला आणि बिबट्याला.

"मग उद्या झायलाझिनलाही केटामाइनसारखं कुलूप लावायचं ठरलं, तर तू काय मागशील?" मी डॉक्टरताईला विचारलं.

"तीन गोष्टी. एक, लहान बाटली. एका जनावराला पुरेल एवढीच, म्हणजे उरलेली बॅगेत लोळत राहणार नाही. दोन, चिठ्ठीवर जनावराची ओळख."

"कसली वळख? गाईला आधार कार्ड हाय व्हय?"

"आहे की, काकी. कानातला पिवळा बिल्ला. त्यावर बारा आकडे असतात. २०२४ पासून तर बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करायची नाही असा नियम आहे आपल्याकडे. तो नंबर चिठ्ठीवर लिहायचा, दुकानदारानं वहीत उतरवायचा. कालच्या पोराला विचारलं असतं, बिल्ल्याचा नंबर सांग?"

"त्याच्या कानात नुसतीच बाळी हुती," मावशी म्हणाल्या. "त्या पोराचं मी बगते. त्याची आई सोमवारी बाजारात भेटती मला. कायदा यायच्या आधी मी जाते."

"आणि तिसरी गोष्ट?" मी विचारलं.

"कारखान्याचा हिशेब. कच्चा माल किती आला, पक्का किती गेला, पिंप कुठल्या गाडीत चढलं आणि कुठं उतरलं. औषध निरीक्षकांना दुकानाच्या कपाटापेक्षा तिथं जास्त वेळ घालवू द्या. नशेचा माल बाटलीतून गोळा होत नाही, पिंपातून निघतो. माझ्या बॅगेतल्या सगळ्या बाटल्या चोरल्या तरी एका गल्लीची एक रात्र भागायची नाही."

मावशींना मान्य नव्हतं असं नाही, पण त्यांच्या तोंडावर अजून काहीतरी अडलं होतं. त्यांनी किटली उचलली आणि परत ठेवली.

"मागल्या पावसाळ्यात म्हशीच्या पायात पत्रा घुसला. रातचं बारा वाजलेलं. चार जनांनी धरली तरी लाथा घालायची. तू हुतीस म्हनून गुंगीचं दिलंस आन् टाकं पडलं. तू नसतीस तर? आळीतल्या त्या पाच-सात वर्सं गायी बघनाऱ्या गड्याला बोलावलं आसतं, त्यानं सांगंल ते टोचलं आसतं. आता तुजा कायदा म्हननार, डॉक्टरशिवाय सुईला हात लावायचा न्हाय. बराबर हाय. पन डॉक्टर किती गावांना एक?"

डॉक्टरताईनं उत्तर दिलं नाही. ती आठ गावं करते आणि आज दुपारचं अजून जेवलेली नव्हती, हे मावशींनाही माहीत होतं.

"मी म्हंते, कुलूप लावा," मावशी म्हणाल्या. "बाटलीला लावा, पिंपाला बी लावा, कारखान्याला तर दोन लावा. माजी ना न्हाय. पन किल्ली ज्याच्या हातात देताय, त्यो मानूस रातच्या बाराला माज्या गोठ्यापत्तूर पोचला पायजे. १९६२ ला फोन लावला तर गाडी आली पायजे. तेवढं करा. मंग तुमचा कायदा मी पाळते, आन् आख्ख्या आळीला पाळायला लावते."

"आख्ख्या आळीला?" डॉक्टरताई म्हणाली. "ऐकतील का सगळे तुमचं?"

"न ऐकून जातील कुठं? कुनाच्या गोठ्यातल्या फळीवर कंची बाटली ठेवलीय, समदं ठावं हाय मला."